पिकअपसाठी ब्रेक पॅड आणि डिस्क निवडताना

रिकामी पिकअप आणि भरलेली पिकअप या ब्रेकच्या हिशेबाने दोन वेगळ्या गाड्या आहेत. रिकामी २,२०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवली की साधारण साडेआठ लाख जूल उष्णता तयार होते. हौद्यात माल भरून तीच गाडी ३,००० किलोची झाली की हा आकडा साडेअकरा लाखांवर जातो. हे झालं एकदा थांबण्याचं. उतारावर हिशेब फार मोठा होतो: ३,००० किलो वजन ४०० मीटर खाली उतरवताना जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, ती ताशी १००वरून लागोपाठ दहा वेळा थांबण्याएवढी भरते. इंजिन खालच्या गिअरमध्ये ठेवून त्यातला मोठा वाटा वाचवता येतो, पण उरलेला सगळा पॅड आणि डिस्कच्या वाट्याला येतो.

म्हणून निवड करताना आपली गाडी सगळ्यात जड असते त्या दिवशी, सगळ्यात लांब उतारावर काय करते ते डोळ्यांसमोर आणावं. रोजच्या रिकाम्या फेऱ्यांवरून घेतलेले पॅड नेमके त्या दिवशी कमी पडतात.

या लेखात डिस्क म्हटलं आहे ती म्हणजे सुट्या भागांच्या यादीत रोटर नावाने येणारी बिडाची चकती.

आधी जुने पॅड बघा

नवे भाग मागवण्यापूर्वी चाकं उतरवून जुने पॅड हातात घ्या. ते ज्या पद्धतीने झिजलेत त्यावरून कॅलिपरचं, म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचं, दुखणं कळतं, आणि ते दुखणं तसंच ठेवून बसवलेले नवे पॅड काही महिन्यांत पुन्हा त्याच अवस्थेला येतात.

एकाच चाकाचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच पातळ झाला असेल तर पिस्टन नीट मागे सरत नाही किंवा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या जाम आहेत. बाहेरचा पॅड जास्त झिजला असेल तर संशय थेट पिनांवर घ्यावा. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, असा पाचरीसारखा झिजला असेल तर एक पिन चालते आणि दुसरी अडकते, किंवा पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथे गंज साचला आहे. डाव्या चाकाचे दोन्ही पॅड संपले आणि उजव्याचे शाबूत आहेत असं दिसलं तर लवचीक ब्रेक होजही तपासा. आतून फुगलेला होज तेल पुढे जाऊ देतो, पण परत येऊ देत नाही. मग पेडल सोडल्यावरही ते चाक धरलेलं राहतं.

पॅडचा घासणारा भाग काचेसारखा चकचकीत दिसत असेल, कडांना भुसभुशीत पांढुरका झाला असेल किंवा भेगाळला असेल, तर तो पॅड त्याच्या कुवतीपेक्षा जास्त तापला आहे. अशा वेळी त्याच प्रकारचा नवा पॅड आणू नये. एक पायरी जास्त उष्णता सोसणारा घ्यावा. उलट पॅड जाडीने बरे आहेत, डिस्क मात्र खोल चरांनी भरली आहे आणि गाडी बहुतेक रिकामीच चालते, असं असेल तर पॅड कामाच्या मानाने कडक निवडला गेला होता.

नव्या पॅडचा घासणारा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की बदलायची वेळ झाली. किंचाळणारी पत्र्याची पट्टी बऱ्याच पॅडवर याच सुमाराला डिस्कला टेकते. पण ती सहसा एकाच पॅडवर असते, त्यामुळे वाकड्या झिजेत दुसरा पॅड आधी लोखंडापर्यंत पोचू शकतो. आवाजाची वाट पाहू नका, मोजा.

मागचे पॅड पुढच्यांच्या आधी संपलेले दिसले तरी दचकू नका. आताच्या बऱ्याच पिकअपमध्ये इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हलक्या ब्रेकिंगला मागच्या चाकांना जास्त काम देते, शिवाय गाडी स्थिर ठेवणारी आणि चाक फिरकू न देणारी यंत्रणाही मागचे ब्रेक वापरते.

बसतील ते पॅड आणि डिस्क कोणत्या

पिकअपमध्ये इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. एकाच नावाच्या, एकाच वर्षाच्या पिकअपला दोन-तीन वेगवेगळे ब्रेक संच असू शकतात. दोन चाकी ड्राइव्ह आणि चार चाकी ड्राइव्ह, हलकं आणि जड भारक्षमतेचं मॉडेल, चाकाला ५, ६ की ८ नट, मागे एकेरी चाक की जोडचाक, ओढगाडीची (ट्रेलरची) सोय कारखान्यातून आलेली आहे की नाही, यांपैकी कशानेही डिस्कचा व्यास किंवा जाडी बदलते. त्यामुळे मॉडेल आणि वर्ष सांगून भाग मागवू नका. गाडीचा चॅसिस क्रमांक द्या, आणि त्यानंतरही जुनी डिस्क मोजून पडताळून घ्या.

मोजायच्या गोष्टी अशा: बाहेरचा व्यास, नवी असतानाची जाडी, एकूण उंची म्हणजे घासणाऱ्या पृष्ठभागापासून मधल्या टोपीसारख्या भागाच्या माथ्यापर्यंतचं अंतर, मधल्या भोकाचा व्यास, आणि नटांच्या भोकांची संख्या व वर्तुळ. यातली उंची लोक विसरतात. ती दोन-तीन मिलिमीटरने चुकली तरी डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, छान बसते, पण कॅलिपरच्या मध्यावर येत नाही. मग एक पॅड सारखा घासत राहतो किंवा डिस्क कॅलिपरच्या ब्रॅकेटला लागते. मधलं भोक मोठं असेल तर डिस्क हबवर मध्यात धरली जात नाही.

मागच्या डिस्कसाठी आणखी एक माप लागतं. पुष्कळ पिकअपमध्ये पार्किंग ब्रेकचे छोटे शू मागच्या डिस्कच्या टोपीच्या आत ड्रमसारखे काम करतात. तिथला आतला व्यास जुळला नाही तर हँडब्रेक धरणार नाही, किंवा डिस्क शूवर चढणारच नाही. पार्किंग ब्रेक इलेक्ट्रिक असेल तर मागचे पॅड बदलताना यंत्रणा आधी दुरुस्तीच्या अवस्थेत न्यावी लागते. पिस्टन जबरदस्तीने मागे ढकलला तर त्याची मोटर आणि स्क्रू तुटतात.

काही जुन्या दोन चाकी ड्राइव्ह पिकअपना पुढची डिस्क आणि हब एकाच ओतकामात असतं, चाकाचे बेअरिंग त्यातच बसतात. अशी डिस्क बदलायची म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्या, ग्रीस सील आणि ताजं ग्रीस हेही यादीत धरा.

पॅडचा आकार ओळखायला अमेरिकी बाजाराचा डी अक्षराने सुरू होणारा क्रमांक किंवा युरोपातला पाच आकडी डब्ल्यूव्हीए क्रमांक उपयोगी पडतो. जुन्या पॅडवर तो क्रमांक असेल तर उतरवून घ्या. मात्र हे क्रमांक फक्त आकाराबद्दल बोलतात. आत कोणता मसाला, म्हणजे घासणाऱ्या थराचं कोणतं मिश्रण, भरला आहे त्याच्याशी त्यांचा काही संबंध नाही.

पॅडचा मसाला

बाजारात मुख्यतः तीन जाती मिळतात.

ऑर्गॅनिक पॅडमध्ये तंतू, रबर, रेझिन आणि भरताड असते, धातू कमी. आवाज करत नाहीत, डिस्कला जपतात, थंडीत पहिल्याच दाबाला पकडतात. उष्णता वाढली की मात्र त्यांतलं रेझिन लवकर वायू सोडू लागतं आणि पकड ढासळते. माल वाहणाऱ्या किंवा काही ओढणाऱ्या पिकअपला ते घेऊ नयेत. सदोदित रिकामी, सपाट रस्त्यावर चालणारी हलकी पिकअप असेल तरच विचार करावा.

सिरॅमिक पॅडमध्ये सिरॅमिक तंतू आणि कण असतात. काळी भुकटी उडत नाही, चाकं स्वच्छ राहतात, आवाज कमी, टिकतातही बरे. रोजच्या वापराच्या, कधीतरी अर्धा माल नेणाऱ्या गाडीला हा समंजस पर्याय आहे. मर्यादा अशी, की सिरॅमिक मसाला उष्णता फारशी वाहून नेत नाही, त्यामुळे ती डिस्कमध्येच साठते. कॅलिपर आणि तेल थोडं थंड राहतं, डिस्क जास्त तापते. लांब उतारावर जड ओढगाडी घेऊन उतरताना साध्या सिरॅमिक पॅडची पकड विरत जाते. आणि सिरॅमिक या शब्दाला पक्की व्याख्या नाही. किती सिरॅमिक असलं म्हणजे पॅडला ते नाव द्यावं याचं बंधन नसल्याने एकाच नावाखाली अगदी हलका आणि अगदी दणकट, दोन्ही माल विकला जातो. केवळ खोक्यावरच्या त्या शब्दावर विसंबून घेऊ नका. स्पोर्ट्स गाड्यांच्या कार्बन सिरॅमिक डिस्क ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे, तिचा इथे संबंध नाही.

सेमी मेटॅलिक पॅडमध्ये लोखंडाचे तंतू आणि चूर, ग्रॅफाइट वगैरे मिळून धातूचं प्रमाण साधारण ३० ते ६५ टक्के असतं. उष्णता सोसतात आणि ती डिस्कपासून दूरही नेतात. भरलेली गाडी, ओढगाडी, घाट, चिखलपाणी या कामांना हेच पॅड. त्याची किंमत म्हणजे काळी भुकटी, थोडा आवाज आणि डिस्कची जास्त झीज. शिवाय उष्णता पाठीमागच्या पत्र्यातून पिस्टनकडे जाते, म्हणून सेमी मेटॅलिक पॅड घालून जड काम करणाऱ्याने ब्रेक तेल जुनं ठेवू नये. डॉट ४ दर्जाचं ब्रेक तेल ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. पाणी शोषून घेतल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३चे आकडे २०५ आणि १४० आहेत. तेल उकळलं की पाइपात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पॅड कितीही चांगले असोत, पेडल सरळ खाली जातं.

दर आठवड्याला ओढगाडी लागत असेल, मालाचं वजन गाडीच्या मर्यादेच्या जवळ जात असेल किंवा रस्त्यात लांब उतार असेल, तर सेमी मेटॅलिक घ्या, भुकटी पुसून काढा. महिन्यातून एकदा थोडा माल नेणाऱ्याने चांगल्या बनावटीचे, मुद्दाम पिकअप आणि एसयूव्हीसाठी काढलेले सिरॅमिक पॅड घ्यावेत. शर्यतीचे पॅड रस्त्यावरच्या पिकअपला कधीच नकोत. ते तापल्यावर उत्तम धरतात, पण सकाळी पहिल्या वळणावर थंड असताना पकड देत नाहीत.

आणखी एक मोह म्हणजे पुढे खूप चावरे पॅड आणि मागे मूळचेच साधे ठेवणं. पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल कारखान्याने पॅडची ठरावीक पकड धरून ठरवलेला असतो. पुढची पकड फार वाढवली तर मागचे ब्रेक आपला वाटा उचलत नाहीत आणि सगळी उष्णता पुढच्या डिस्कवर येते. भरलेल्या पिकअपमध्ये मागच्या चाकांवर चांगलं वजन असतं, तिथली पकड वाया घालवण्यात अर्थ नाही. शक्यतो चारही चाकांना एकाच घराण्याचे पॅड घाला. एकाच अॅक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांना तर वेगळे पॅड कधीच नाहीत, नाहीतर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढेल.

पॅडच्या कडेवरचं लिखाण

अनेक पॅडच्या कडेवर अक्षर-अंकांची एक ओळ छापलेली असते. तिच्या शेवटी दोन रोमन अक्षरं असतात, उदाहरणार्थ एफएफ किंवा जीजी. पहिलं अक्षर साधारण तापमानातला घर्षणांक सांगतं, दुसरं तापल्यावरचा. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल, म्हणजे जीएफ किंवा एफई, तर पॅड तापल्यावर पकड कमी होते असा त्याचा अर्थ. पिकअपसाठी दोन्ही अक्षरं सारखी असलेला पॅड बघावा.

पण या अक्षरांवर सगळा भार टाकू नये. ही चाचणी मसाल्याच्या साधारण एक इंच चौरस तुकड्यावर होते, पूर्ण पॅडवर नाही. शिवाय एका अक्षराच्या पट्ट्यात ०.३६ आणि ०.४४ दोन्ही बसतात, आणि हा फरक पायाला चांगला जाणवतो. झीज किती, आवाज किती, हे त्यातून कळत नाही. युरोपीय नियम क्रमांक ९०ची खूण, म्हणजे वर्तुळातलं ई अक्षर आणि ९०आरने सुरू होणारा क्रमांक, पॅडच्या पाठीवर असेल तर ती जास्त कामाची. तो नियम पाळायचा तर पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे असावी लागते, आणि चाचणी त्या जातीच्या गाडीच्या ब्रेकवर होते.

खोक्यावर एक, दोन किंवा तीन पानांचं चित्र दिसलं तर ते तांब्याच्या प्रमाणाबद्दल आहे. तीन पानं आणि एन अक्षर म्हणजे तांबं अर्ध्या टक्क्याहून कमी. पाण्यात जाणाऱ्या तांब्याने जलचरांना अपाय होतो म्हणून ही खूण आली. पकडीचा दर्जा त्यावरून ठरवू नये.

मसाल्याइतकाच पाठीचा पत्राही बघा. स्वस्त पॅडमध्ये पत्र्यावरची काळी कवची न काढता त्यावर मसाला चिकटवून वरून रंग मारतात. रंग खरचटला की गंज आत शिरतो आणि मसाल्याचा थर पत्र्यापासून उचलला जातो. ओल्या, खारट हवेत तर पॅड अर्धा शिल्लक असतानाच हे घडतं. गॅल्व्हनाइज केलेला पत्रा, किंवा ज्याच्या पृष्ठभागावर बारीक लोखंडी आकडे उठवून मसाला त्यांत रुतवला आहे असा पत्रा, गंज लागणाऱ्या ठिकाणी नक्की जास्त टिकतो. पत्र्याच्या मागे आवाज दाबणारी पातळ पट्टी, म्हणजे शिम, पक्की बसवलेली हवी. नुसती स्टिकरसारखी चिकटवलेली शिम तापल्यावर सरकते. मसाल्याच्या दोन्ही टोकांना तिरका कट आणि मध्ये खाच असेल तर किंचाळणं कमी होतं.

डिस्क: ठेवायची, कापून घ्यायची की बदलायची

डिस्कच्या टोपीवर किंवा कडेला किमान जाडी कोरलेली असते. नव्या डिस्कची जाडी आणि ही किमान जाडी यांत बहुधा २ मिलिमीटरच्या आसपासच अंतर असतं, म्हणजे झिजायला प्रत्येक बाजूला एकच मिलिमीटर. मोजायला मायक्रोमीटर हवा. साध्या व्हर्नियरचे जबडे काठावरच्या न झिजलेल्या कडेवर टेकतात आणि डिस्क आहे त्याहून जाड दाखवतात. काठापासून १० ते १२ मिलिमीटर आत, गोल फिरवत आठ ठिकाणी मोजा. सगळ्यात कमी आकडा किमान जाडीशी ताडून बघा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांतला फरक ०.०२ मिलिमीटरच्या वर गेला की ब्रेक लावताना पेडल आणि स्टिअरिंग थरथरायला लागायची लक्षणं.

या थरथरीला सगळे डिस्क वाकली म्हणतात. बिडाची डिस्क प्रत्यक्षात क्वचितच वाकते. बहुतेक वेळा ती हबवर किंचित तिरकी बसलेली असते, प्रत्येक फेऱ्याला एकाच जागी पॅडला चाटून जाते, आणि काही हजार किलोमीटरमध्ये तिथली जाडी बदलते. दुसरं कारण म्हणजे तापलेला ब्रेक दाबून उभं राहिल्याने पॅडचा मसाला डिस्कवर एका ठिकाणी चिकटून बसणं. हबवरचा गंज साफ न करता नवी डिस्क चढवली तर तीही काही महिन्यांत थरथरू लागते आणि दोष डिस्कच्या माथी येतो.

लेथवर डिस्कचा वरचा थर कापून घेणं तेव्हाच परवडतं जेव्हा कापल्यानंतरही किमान जाडीच्या वर पुढच्या पॅडच्या झिजेपुरतं लोखंड उरतं. पिकअपवर जड काम असेल तर कापलेल्या डिस्कचा आणखी तोटा आहे: तिचं वजन कमी झालं, म्हणजे उष्णता साठवायची जागा कमी झाली. खोल भेगा, निळे-जांभळे कडक डाग किंवा आतल्या पंख्यांना लागलेला पापुद्रे सुटणारा गंज दिसला तर लेथचा विचार सोडून द्यावा. निळे डाग म्हणजे त्या ठिकाणी बिडाची अंतर्गत रचनाच बदलून ते कठीण झालं आहे. वरून कापलं तरी खाली कडक ठिपका राहतो आणि पुन्हा उंच येतो.

नवी डिस्क कशी ओळखावी

डिस्कचं पहिलं काम उष्णता साठवणं. साध्या हिशेबाने, भरलेली ३,००० किलोची गाडी ताशी १००वरून एकदा थांबली, पुढच्या ब्रेकनी ६५ टक्के काम केलं आणि जवळपास सगळी उष्णता डिस्कमध्ये गेली असं धरलं, तर १२ किलोची पुढची डिस्क साधारण ६० अंशांनी तापते, ९ किलोची ८० अंशांनी. थंड व्हायला वेळ न देता असं दहा वेळा झालं की फरक २०० अंशांचा होतो. पॅड शाबूत राहणं आणि पकड गमावणं यांतलं अंतर एवढंच असतं. म्हणून मूळ डिस्क आणि पर्यायी डिस्क यांचं वजन आवर्जून विचारा, शक्य असेल तर काट्यावर ठेवा. मापं तीच आणि वजन दीड-दोन किलोने कमी, याचा अर्थ घासणाऱ्या चकत्या पातळ ओतल्या आहेत किंवा आतले पंखे कमी केले आहेत. मूळ डिस्कला आत वळणदार पंखे असतील आणि पर्यायी डिस्कला सरळ, तर हवा खेळण्यातही फरक पडतो. वळणदार पंख्यांची डिस्क डावी-उजवी वेगळी असू शकते, बसवताना खोक्यावरची बाजू बघा.

बिडाची जात दुसरी. कार्बनचं प्रमाण जास्त असलेलं बीड उष्णता चांगली पसरवतं, आवाज जिरवतं आणि तापणं-निवणं जास्त सोसतं. जड कामाच्या पिकअपला हाय कार्बन लिहिलेली डिस्क घेणं योग्य आहे.

भोकं पाडलेल्या डिस्क मात्र घेऊ नका. दिसायला आकर्षक असतात. पण प्रत्येक भोक म्हणजे तेवढं लोखंड कमी, आणि भोकाच्या कडेला तापण्या-निवण्याने बारीक भेगा पडू लागतात. वजन ओढणाऱ्या गाडीत त्या भेगा एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत वाढत जातात. चर पाडलेल्या डिस्क वेगळ्या. चरांमुळे पॅडचा वरचा थर सतत ताजा राहतो, पाणी, चिखल आणि वायू बाहेर पडतात. बदल्यात पॅड थोडे लवकर झिजतात आणि जोरात ब्रेक लावल्यावर घरघर ऐकू येते. चिखलात काम करणाऱ्या किंवा सारखी ओढगाडी लावणाऱ्या पिकअपला त्या शोभतात. बाकी सगळ्यांना सपाट, जड, चांगल्या बिडाची डिस्क पुरेशी आहे.

गंज लागणाऱ्या हवेत टोपीला, कडेला आणि आतल्या पंख्यांना लेप दिलेली डिस्क घ्या. लेप घासणाऱ्या पृष्ठभागावरूनही असेल तर पहिल्या काही किलोमीटरमध्ये तिथला निघून जातो, बाकीच्या जागी राहतो आणि डिस्क हबला गंजून चिकटत नाही.

मोठ्या व्यासाची डिस्क आणि मोठे कॅलिपर घालायचे असतील तर रिमच्या आत जागा आहे का ते आधी बघा. गाडीला उंच टायर घातले असतील तर हा प्रश्न लवकर येतो: टायरची त्रिज्या १० टक्क्यांनी वाढवली की त्याच पेडलला रस्त्यावरचं ब्रेकिंग सुमारे ९ टक्क्यांनी घटतं. आणि जड ओढगाडीला तिचे स्वतःचे ब्रेक हवेतच. कोणताही पॅड त्यांची जागा घेऊ शकत नाही.

सोबत घ्यायच्या लहान गोष्टी

पॅडच्या कानांखालच्या स्टीलच्या पट्ट्या, कॅलिपरच्या पिनांची रबरी आवरणं आणि ब्रेकचं खास ग्रीस. पट्ट्या पॅडसोबत येत असतील तर उत्तम, नसतील तर वेगळ्या घ्या. ग्रीस सिलिकॉन किंवा सिंथेटिक, ब्रेकसाठीच बनवलेलं हवं. बेअरिंगचं साधं ग्रीस पिनांना लावलं तर रबर फुगतं आणि पिन जाम होते.

बसवताना

गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना ठोकळे लावून, जॅकवर उचलल्यावर स्टँड लावल्याशिवाय खाली हात घालू नका. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. पिस्टन मागे दाबताना तेलाची टाकी भरून सांडत नाही ना ते बघा, कारण ब्रेक तेल रंग खातं.

हबचा माथा तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत घासा. नवी डिस्क ब्रेक क्लीनरने पुसून तिच्यावरचं गंजरोधक तेल काढा. डिस्क नटांनी आवळून डायल गेजने तिरकेपणा मोजा, ०.०५ मिलिमीटरच्या आत हवा. जास्त भरला तर डिस्क एक भोक पुढे फिरवून पुन्हा मोजा, पुष्कळदा एवढ्याने काम होतं. पॅडच्या खाचेतला गंज कानशीने काढल्याशिवाय नव्या पट्ट्या घालू नका, नाहीतर पॅड घट्ट बसून अडकतो. पॅड हाताने सरकला पाहिजे. सगळे बोल्ट आणि चाकाचे नट गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने, समोरासमोरच्या क्रमाने आवळा. हवेच्या बंदुकीने वाटेल तसे आवळलेले नट नव्या डिस्कलाही तिरकं बसवतात.

गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा. पहिल्या एक-दोन दाबांना पेडल खालपर्यंत जातं, कारण पिस्टन अजून मागे असतात. ही पायरी विसरून इंजिन चालू केलं आणि गाडी उताराला असली तर ब्रेक लागणारच नाही.

यानंतर पॅड आणि डिस्क एकमेकांना बसवून घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून मध्यम जोराने ८-१० पर्यंत वेग आणा, पूर्ण थांबू नका, अर्धा मिनिट चालवत थंड होऊ द्या, पुन्हा तेच. असं ३० वेळा. पॅडच्या खोक्यात वेगळी पद्धत दिली असेल तर तिच्याप्रमाणे करा. मधल्या काळात थोडा वास येतो, पकडही किंचित कमी झाल्यासारखी वाटते. नव्या मसाल्यातला वायू निघत असतो. शेवटी दहा-पंधरा मिनिटं ब्रेक फारसा न लावता चालवा. तापलेला ब्रेक दाबून उभे राहू नका, लगेच पार्किंग ब्रेकही ओढू नका. डिस्कवर सगळीकडे एकसारखी राखाडी झाक आली की काम झालं. हे होईपर्यंत ओढगाडी जोडू नका.

साधारण १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा आणि थोडं अंतर चालवून आल्यावर प्रत्येक चाकाजवळ तळहात न टेकवता नेऊन बघा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागत असेल तर तिथली पिन, पिस्टन किंवा होज अजून अडकत आहे. नवे पॅड खाल्ले जाण्याआधी ते चाक पुन्हा उघडा.